प्रादेशिक सेना आणि कोरडवाहू शेतकरी
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



शेतीशास्त्राचा माणूस सैन्याबद्दल काय सांगणार, असे आपणास वाटेल. परंतु आपल्या शिवारातील अनेक तरुण पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावत असतात आणि वय निघून गेले की निराश होतात. त्यांच्यासाठी, तसेच फौजेतून घरी परतलेल्या आपल्या भाऊबंदांसाठी प्रादेशिक सेनेची, म्हणजेच टेरिटोरियल आर्मीची माहिती उपयुक्त आहे.

१९४८ च्या कायद्यान्वये ही सेना उभी राहिली व ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. उत्पन्नाचे स्वतःचे साधन असलेल्या नागरिकाने आपला व्यवसाय सांभाळून ठरावीक काळ देशसेवा करावी, ही यामागील कल्पना होय. १९६२, १९६५ व १९७१ या तिन्ही युद्धांत तिने काम केले. वयोमर्यादा १८ ते ४२ वर्षे आहे. नियमित सैन्यभरतीचे वय ओलांडलेल्यांनी हे लक्षात घ्यावे. कोल्हापूरची १०९ वी मराठा लाइट इन्फन्ट्री पलटण ही याच सेनेची.

आता फायदा पाहू. शहरी तुकड्यांत वर्षाला ३० दिवस व प्रांतिक तुकड्यांत २ महिने प्रशिक्षण असते आणि सेवेवर असताना नियमित सैनिकाप्रमाणे वेतन मिळते. आपला मुलगा वाळूजच्या कारखान्यात असेल, तर सेवेहून परतल्यावर त्याला पूर्वीच्या जागेवर, पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर घेणे कायद्याच्या कलम ७-अ नुसार मालकावर बंधनकारक आहे. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

मात्र ही पूर्णवेळ नोकरी नव्हे. वेतन सेवेच्या दिवसांपुरतेच. जवानाला निवृत्तिवेतनासाठी प्रत्यक्ष सेवेची १५ वर्षे भरावी लागतात. वर्षाला २ महिन्यांच्या हिशेबाने ती कशी भरणार? उलट, गरज पडल्यास पलटण दीर्घकाळ सेवेवर बोलावली जाते. बोलावणे मृगाच्या तोंडावर आले तर कपाशीची लावण कोण करणार, याचा विचार घरात आधीच झाला पाहिजे. एकट्याच्या जिवावर शेती असलेल्याने या फंदात न पडलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती पर्यावरण पलटण. उजाड डोंगर हिरवे करण्यासाठी माजी सैनिकांची पलटण उभारावी, ही सूचना गहूक्रांतीचे जनक डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी केली होती. त्यातून १९८२ साली पहिली १२७ वी पलटण उभी राहिली आणि चुनखडीच्या खाणींनी ओरबाडलेल्या मसुरीच्या डोंगरावर तिने झाडे जगवली. त्याच धर्तीवर २०१७ साली येथे, तेव्हाच्या औरंगाबादेत, महार रेजिमेंटशी संलग्न १३६ वी पर्यावरण पलटण उभारण्यात आली. दौलताबादजवळ अब्दीमंडीच्या परिसरात तिने वृक्षलागवड केली. हे काम वर्षभराचे असते. तेव्हा माजी सैनिकाला गावाजवळ, ओळखीच्या मातीत पुन्हा वर्दी मिळते.

येथे माझ्यातील शेतीशास्त्रज्ञ जागा होतो! सुमारे ७०० मि.मी. पावसाच्या या भागात रोप लावणे सोपे, पण ते तिसरा उन्हाळा पाहील याची काळजी घेणे कठीण. उतारास आडवे समतल चर, उन्हाळ्यातच खोदून तापू दिलेले खड्डे, पहिल्या चांगल्या पावसानंतर लागण, चराईबंदी आणि मेलेल्या रोपांची पुढल्या पावसाळ्यात नांगी भरणे, ही कामे दरवर्षी त्याच क्रमाने, न कंटाळता करावी लागतात. सरकारी वृक्षलागवडीत नेमकी येथेच माशी शिंकते. शिस्तीची सवय असलेल्या माणसांना ते जमते. गावातील माजी सैनिकाला पाणलोट समितीत घ्या, बांधावरील कडुनिंब, करंज, सीताफळाची राखण त्याच्याकडे द्या.

इच्छुक माजी सैनिकांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. तरुणांनी प्रादेशिक सेनेच्या भरतीची अधिकृत जाहिरातच पाहावी, शिक्षणाची व शारीरिक पात्रतेची अट त्यात वाचावी आणि जवानाच्या भरतीसाठी कोणत्याही मध्यस्थाच्या हाती एक रुपयाही देऊ नये.