सुईदोऱ्याच्या मुली आणि मेरी नील
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात लेझीम असावे की नसावे, यावर आमच्या शिक्षककक्षात दरवर्षी चर्चा होते. नृत्य हा शब्द काढला की काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्या मला समजतात. मीही मुलीचा बाप आहे. आज मी ज्या समाजसेविकेची आठवण सांगणार आहे, तिची हकीकत ऐकून मग आपण काय ते ठरवावे.

मेरी नील यांचा जन्म १८६० साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा. वडील बटणांचे कारखानदार, घरी कशाची ददात नव्हती. तरीही १८८८ मध्ये त्या लंडनच्या एका मिशनमध्ये सेविका म्हणून दाखल झाल्या. तेथे त्यांना शिवणकाम करणाऱ्या मुली भेटल्या. दिवसभर मान मोडून सुई चालवायची, मजुरी तुटपुंजी आणि हंगाम संपला की काम बंद. (घरी फॉल-पिको, काजे-बटणे करून शाळेत येणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींना हे चित्र परके वाटू नये.) एमेलिन पेथिक या मैत्रिणीसह त्यांनी १८९५ मध्ये या मुलींसाठी एस्पेरान्स क्लब काढला. एस्पेरान्स म्हणजे आशा. आपण उम्मीद म्हणू. नुसत्या करमणुकीने पोट भरत नाही हे ओळखून दोघींनी शिवणकामाचे दुकानही उघडले. तेथे आठ तासांचा दिवस आणि आठवड्याला किमान पंधरा शिलिंग पगार होता.

१९०५ मध्ये क्लबच्या मुलींना नवी गाणी हवी होती. मेरीबाई लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प यांच्याकडे गेल्या. गाणी मिळाली, तेव्हा त्यांनी विचारले, या गाण्यांना शोभेल असे एखादे नृत्य आहे का? शार्प यांना विल्यम किंबर आठवला. हा ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन गावचा गवंडी. १८९९ च्या नाताळात कडाक्याच्या थंडीने बांधकामे बंद पडली, तेव्हा दोन पैसे मिळावेत म्हणून तो आणि त्याचे साथीदार पायांना घुंगरू बांधून मॉरिस नावाचे नृत्य करीत फिरत होते. शार्प यांनी ते पाहून त्याच्या चाली टिपून घेतल्या होत्या. मेरीबाईंनी त्या गवंड्याला गाठले आणि लंडनला आणून मुलींपुढे गुरू म्हणून उभे केले.

मुली भराभर शिकल्या. १९०६ मध्ये त्यांचा जाहीर कार्यक्रम झाला आणि गावोगावची बोलावणी येऊ लागली. मग त्या सुईदोऱ्याच्या मुलीच शिक्षिका होऊन इंग्लंडभर फिरू लागल्या. फ्लॉरेन्स वॉरन ही त्यांच्यापैकीच एक. १९१० च्या अखेरीस मेरीबाईंबरोबर ती थेट अमेरिकेत शिकवायला गेली.

येथेच वाद उभा राहिला. नृत्य शुद्ध राहावे आणि ते जाणकारांनीच शिकवावे, असे शार्प यांचे मत. मेरीबाईंना पावलाच्या बिनचूकपणापेक्षा नाचणाऱ्याचा आनंद मोलाचा वाटे. शार्प यांनी १९११ मध्ये स्वतंत्र संस्था काढली आणि पुढे तिचाच जम बसला. शार्प यांची बाजू अगदीच चुकीची होती असे मी म्हणणार नाही. त्यांनी टिपून ठेवले नसते तर कितीतरी चाली हरवल्या असत्या. मी स्वतः बी.ए., बी.एड. आहे आणि प्रमाणपत्राची किंमत जाणतो. तरीही माझे मन त्या मुलींकडेच ओढ घेते. ज्यांना कोणी कधी काही विचारले नव्हते, त्यांच्याकडे लोक शिकायला येऊ लागले! वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी मुलगी लेझमीच्या तालमीत दुसरीचा हात धरून पाऊल सुधारून देते, तेव्हा तिचा चेहरा मी पाहिलेला आहे.

१९१४ च्या महायुद्धाने क्लबचे काम थांबले. उत्तरायुष्यात मेरीबाई ससेक्समध्ये समुद्राकाठच्या लिटलहॅम्प्टन गावी राहिल्या. तेथे त्यांनी मानद मॅजिस्ट्रेट म्हणून काम केले. १९३७ मध्ये लोकगीते आणि लोकनृत्ये पुन्हा जागवल्याबद्दल सरकारने त्यांचा किताब देऊन गौरव केला. २२ जून १९४४ रोजी त्या वारल्या, त्याही जुन्या मैत्रिणीच्या, एमेलिनच्या घरी. याच एमेलिनचे पती लॉर्ड पेथिक-लॉरेन्स हे १९४६ च्या कॅबिनेट मिशनबरोबर भारतात आले होते.

लंडनमध्ये शार्प यांच्या नावाची वास्तू १९३० पासून उभी आहे. मेरी नील यांची कागदपत्रे आज त्याच वास्तूतील ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत.