रस्ता की रेल्वे? आधी शेवटच्या वारकऱ्याकडे पाहू
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भाषण)

दिंडीचालकांनी मला विषय दिला, 'शंभर वर्षांची वाट'. मी काही कीर्तनकार नाही. तुमच्यातलाच शेतकरी माणूस आहे. वाटेवर जे पाहिलं, तेच सांगणार आहे.

आपल्या पारावर गेली काही वर्षं एक वाद रंगतो, तुम्हाला ठाऊक आहे. एक बाजू म्हणते, "रस्ता मोठा झाला, गावाचं भलं झालं." दुसरी म्हणते, "एवढा पैसा फलटण-पंढरपूर रेल्वेला लावला असता तर पिढ्यांचं कल्याण झालं असतं." चहा गार होतो, पण वाद गार होत नाही. भाऊ भावाशी बोलेनासा झाला, इथपर्यंत गोष्ट गेली. म्हणून आज माऊलींच्या साक्षीनं बोलतो.

आधी थोडं मागं जाऊ. पंढरीला रेल्वे आली ती १९०६ साली. बार्शी लाईट म्हणायचे तिला. अडीच फूट रुंदीचे रूळ, चिमुकले डबे. कुर्डुवाडीहून पंढरपूर. पुढं १९२७ साली ती मिरजेला जाऊन भिडली. म्हणजे आपली दिंडी निघाली त्याच सुमाराची गोष्ट. त्या गाडीनं मराठवाड्यातले, मिरज-सांगलीकडचे किती वारकरी विठ्ठलाच्या पायाशी आणले असतील, त्याला मोजदाद नाही. आता ती लाईन मोठी झाली. पण ती जाते कुर्डुवाडीकडं आणि मिरजेकडं. आपल्याकडं, म्हणजे माळशिरस-नातेपुत्याकडं, तिचं तोंडच नाही. तिकडं लोणंदहून फलटणपर्यंत रूळ आले, २०२१ मध्ये फलटण-पुणे गाडी सुरू झाली. फलटणला रूळ, पंढरपूरला रूळ, आणि मधल्या शंभरेक किलोमीटरात आपण. आमच्या वडिलांनी ऐकलं, "रेल्वे येणार." आम्ही ऐकलं, "येणार." आता नातवंडं ऐकतात.

रस्ता मात्र आला. ८ नोव्हेंबर २०२१ ला पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. माऊलींचा मार्ग दिवेघाटापासून मोहोळपर्यंत, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. तुकोबारायांचा पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत, एकशेतीसच्या आसपास. आणि पायी चालणाऱ्यांसाठी कडेला वेगळी वाट, हे त्यात विशेष.

त्या वेगळ्या वाटेचं मोल काय, ते दिंडीत चाललेल्यालाच कळतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवेघाटात जेसीबी दिंडीत घुसला आणि नामदेवरायांच्या वंशातल्या महाराजांसह दोघे गेले. २०२२ च्या कार्तिकीला सांगोल्याजवळ मोटार दिंडीत शिरली, सात जण गेले. पंढरीच्या वाटेवर निघालेली माणसं घरी परतली नाहीत. म्हणून जो कोणी म्हणतो "रस्ता कशाला हवा होता", त्याला मी हात जोडून सांगतो, बाबा, टाळकऱ्याच्या खांद्याला घासून ट्रक जातो तेव्हा काय वाटतं, ते एकदा चालून बघ.

पण रस्तेवाल्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. माझीही जमीन गेली रस्त्यात. विहीर गेली. मोबदला मिळाला, नाही म्हणत नाही. पण तो पैसा घरात आला आणि आम्हा भावंडांत वाटणीचा तंटा घेऊन आला. विहीर होती तोवर पाळीनं पाणी घ्यायचो, कधी भांडलो नाही. आणि झाडं! ज्या वडाखाली आपली दिंडी दुपारच्या विसाव्याला बसायची, भाकरी सोडायची, तो वड गेला. चिंचा गेल्या. जेष्ठाच्या उन्हात सिमेंटचा रस्ता तव्यासारखा तापतो. अनवाणी चालण्याचा नेम असलेल्या म्हाताऱ्यांच्या पायाला फोड येतात. रोपं लावलीत, पण रोपाची सावली रोपाएवढीच. आणि ती पायी वाट? तिच्यावर मका वाळत असतो, ट्रॉल्या उभ्या असतात, टपऱ्या येतात. हे सरकारनं नाही केलं, मंडळी. आपण केलं.

आता माझी कबुली. मी रस्तेवाला होतो. रेल्वे म्हणजे निवडणुकीतली गोष्ट, असं पारावर मीच मोठ्यानं बोलायचो. माझं मत बदललं ते थोरल्या बहिणीमुळं. आक्कानं अठ्ठावीस वाऱ्या केल्या. गेल्या आषाढीला गुडघे सुजले, तरी वाखरीपर्यंत चालली. दर्शन झालं. पण परतायचं कसं? एकादशीची गर्दी, वरून पाऊस. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. खासगी जीपवाले मागतील तो भाव. आक्काला पोत्यावर बसवून मी रात्रभर उभा राहिलो. पहाटे ती म्हणाली, "दादा, जायला पाय दिलेत पांडुरंगानं. यायला काहीतरी तुम्ही करा की रे."

त्या रात्री मला कळलं. वारी म्हणजे जाणं पायी. पण येणं? शंभर वर्षांत आपण जाण्याचाच विचार केला. येणाऱ्या थकल्या माणसाला, पुण्याला शिकणाऱ्या पोरीला, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याला कमी पैशात, बसून जाता येईल असं साधन रेल्वेच. रस्ता रुंद झाला म्हणून ज्याच्याकडं गाडी नाही त्याला गाडी मिळत नाही. आणि रेल्वेवाल्यांनीही ध्यानात ठेवावं, रूळ आले तरी वाडीपासून स्टेशनापर्यंत रस्ताच लागणार. रुळालाही जमीन जाणारच.

मग निवाडा कसा करायचा? दिंडीनं आपल्याला तो शिकवलाय. पताकावाला पुढं असतो, पण दिंडीची चाल ठरते मागच्या माणसावरून. मागची म्हातारी मागं पडली की विणेकरी थांबतो, अभंग लांबवतो, ती आली की पुढं निघतो. गावाचा रस्ता असो की रेल्वे, माप हेच लावा. शेवटी चालणाऱ्याला याचा काय उपयोग?

म्हणून शताब्दीच्या निमित्तानं तीन गोष्टी मागतो. पहिली, आपल्या शिवेतली पायी वाट मोकळी ठेवायची. मका घरी वाळवा. दुसरी, शंभर वर्षांची शंभर झाडं. वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब. नुसती लावायची नाहीत, तीन उन्हाळे पाणी घालायचं. एका घरानं एक झाड दत्तक घ्यावं. तिसरी, फलटण-पंढरपूर रेल्वेचा ठराव येत्या ग्रामसभेत करायचा, आणि त्यावर रस्तेवाल्याची सही पहिली. ती मी करतो. वाटेवरच्या प्रत्येक गावानं असा ठराव केला तर मागणी पारावरून उठून कागदावर येईल.

आणि ज्या भावांचं बोलणं बंद आहे, त्यांनी आज काल्याच्या प्रसादाला एका पंगतीत बसावं. माझा धाकटा भाऊ मागं उभा आहे, मला दिसतोय. ये बाबा, पुढं ये.

रामकृष्ण हरी.