मुठीवरचे चामडे

(ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात प्राथमिक शाळेत घालविलेला मी एक साधा शिक्षक आहे. तथापि जिनगराच्या घरात जन्म झाल्यामुळे कातडे, रापी आणि आरी यांची ओळख मला मुळाक्षरांच्या आधी झाली. त्या ओळखीच्या बळावर आज तरवारीच्या मुठीवर चामडे कसे बांधतात, याविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा घेतो.

तरवार म्हटली की लोक पात्याचे कौतुक करतात. ते योग्यच आहे. परंतु पाते शत्रूला दिसते. लढणाऱ्याच्या हाताला लागते ती मूठ. आपल्याकडील मूठ बहुधा लोखंडाची. पात्याचा मागील अरुंद भाग तिच्यात घालून लाखेने पक्का बसवीत. फिरंगी तरवारीचे पाते पुष्कळदा युरोपातून येई, मूठ मात्र इकडची चढे आणि परजेच्या आत हात सोलू नये म्हणून कापडाची वा मखमलीची गादी बसवीत. लोखंड उन्हात तापते, थंडीत गारठते आणि घामाने निसटते. यावर उपाय चामड्याचा. जपानात मुठीवर पाकट माशाचे खरखरीत कातडे लावून वरून रेशमी दोरी किंवा चामड्याची वादी आवळीत. युरोपात लाकडी मुठीला दोर गुंडाळून त्यावर चामडे चढवीत. देश निराळे, पण अडचण एकच, ती म्हणजे घामेजलेला हात.

आता कृती सांगतो. हिरड्याने अथवा बाभळीच्या सालीने कमावलेले शेळीचे पातळ कातडे घ्यावे. मुठीचा घेर दोऱ्याने मोजून त्याहून कातडे किंचित कमी कापावे. कारण ओले कातडे ताणते आणि वाळताना आवळून बसते. कडा रापीने तासून पातळ कराव्यात, म्हणजे जोडावर उंचवटा येत नाही. लोखंडावर कातडे थेट बसवू नये. कमावलेल्या कातड्यातील तुरटपणा व ओल यांनी लोखंड काळे पडते आणि गंजते. म्हणून आधी मेणाचा हात फिरवून पातळ कापडाचा एक वेढा द्यावा. बोटे रुतावीत अशी इच्छा असेल तर त्या कापडावर सुतळीचे वेढे घ्यावेत. सरस लावून ओले कातडे ओढून बसवावे आणि वाळेपर्यंत वेढ्यांच्या मधल्या खाचांतून दुसरी दोरी करकचून बांधून ठेवावी. शिवण तळहाताच्या खळग्यात किंवा बोटांच्या टोकांखाली येऊ देऊ नये, नाहीतर फोड येतो.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जाडी. नवखा मनुष्य मऊपणाच्या लोभाने वेढ्यावर वेढा चढवितो आणि मूठ काठीसारखी गोल करून ठेवतो. गोल मूठ हातात फिरते. धार कोणीकडे आहे हे हाताला कळत नाही आणि घाव आडवा पडतो. कॅप्टन नोलन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने 1853 साली घोडदळावर एक ग्रंथ लिहिला. निजामाच्या घोडेस्वारांच्या तरवारी पाहून तो थक्क झाला होता. त्यांची पाती इंग्रजी फौजेने टाकून दिलेलीच होती. पण त्या स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीची लहान व चपटी मूठ बसविली होती, धार वस्तऱ्यासारखी राखली होती आणि म्याने लाकडाची वापरली होती. तेच पाते योग्य मुठीत बसताच निराळे काम देऊ लागले, अशी साक्ष परक्या माणसाने दिली आहे. ही साक्ष आमच्या कारागिरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

पुढे 1878 साली हत्यारांचा कायदा आला आणि या कामाचे गिऱ्हाईक आटले. माझ्या लहानपणी आमचे तीर्थरूप पिशव्या, पट्टे आणि बैलांचा साज करीत. खंडेनवमी जवळ आली की मर्दानी खेळाच्या आखाड्यातील चार-दोन तरवारी घरी येत. वडील आधी खेळाडूला समोर बसवून त्याच्या तळहाताभोवती दोरा धरीत, त्याला गाठ मारीत आणि मगच कातड्याला हात घालीत. ते म्हणत, "मूठ त्याची आहे, माझी नव्हे. त्याच्या हाताला विचारल्याशिवाय रापी चालवू नये."

याच वडिलांविषयी एक गोष्ट आज सांगितलीच पाहिजे. हायस्कुलात नाव घालताना छापील अर्जात 'वडिलांचा धंदा' असा रकाना होता. चामड्याचे काम म्हणताच वर्गातील मुले नाके मुरडतात, हे मला ठाऊक होते. मी 'शेती' असे लिहिले. आमची शेती बिघाभरही नव्हती. वडिलांनी अर्ज वाचला, सही केली आणि मला एक शब्दही बोलले नाहीत. मात्र त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी कामाजवळ बसविले नाही. पुढे मी शिक्षक झालो, ते निवर्तले आणि रापी माळ्यावर गंजत पडली.

गेल्या वर्षी त्याच आखाड्यातील एक मुलगा माझ्याकडे आला. सरावात मूठ निसटून त्याच्या मनगटाला जखम झाली होती. "गुरुजी, तुमच्या वडिलांसारखी बांधून द्याल का?" असे त्याने विचारले. मला ते येत नव्हते. आखाड्यात वडिलांच्या हातची एक मूठ होती. तिचे कातडे जीर्ण होऊन सुटले होते. ते मी हलक्या हाताने उलगडले आणि प्रत्येक वेढा वहीत उतरवून घेतला. आता सांगितलेली कृती मला त्या कातड्याने शिकविली. माझी पहिली मूठ गोल झाली. मुलाने ती फिरवून पाहिली आणि संकोचाने परत दिली. दुसरी साधली. त्याच्या हाताच्या मापाचा गाठ मारलेला दोरा आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

बंधुभगिनींनो, ज्यांच्या घरी जुनी मूठ असेल त्यांनी तिचे मूळचे चामडे हौसेने काढून फेकू नये. ते एक पुस्तकच आहे. ज्यांच्या घरी जाणते हात अद्याप असतील त्यांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याजवळ बसवावे. त्या मुलांनी मूठच बांधावी असे नाही. माप घेण्याची शिस्त शिकली तरी पुरे. विद्यार्थ्यांना माझे इतकेच सांगणे आहे की अर्जातील त्या रकान्यात खरे ते लिहा. मी लिहिले नाही, आणि ती चूक दुरुस्त करण्यास आता वडील नाहीत.