ट्रायम्फची पाचर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहत असताना मी एक जुनी गाडी घेतली. ती दारात आली तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "कुणी फुकट दिली का?" फुकट नव्हती, पण फार फरकही नव्हता.

गाडी होती ट्रायम्फ टीआर ७, १९७९ सालची. टीआर मालिकेतल्या आधीच्या गाड्या उघड्या टपाच्या, ऐटदार. लोक अजून त्यांच्यावर जीव टाकतात. १९७५ साली टीआर ७ आली ती मात्र पाचरीसारखी. नाक जमिनीशी, पाठ उंच, आणि वर पक्कं टप. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येणार अशी तेव्हा धास्ती होती. बंदी आलीच नाही, पण उघडी टीआर ७ यायला १९७९ साल उजाडलं. लिव्हरपूलजवळच्या स्पीकच्या कारखान्यात संप झाले, १९७८ साली तो बंद पडला. काम आमच्या कॉव्हेंट्रीतल्या कॅन्लीला आलं, तिथून सॉलिहलला गेलं आणि १९८१ साली गाडीच संपली. गंमत म्हणजे सगळ्या टीआर गाड्यांत सर्वांत जास्त खपली ती हीच, सुमारे १ लाख १२ हजार. खपली, पण नावाजली गेली नाही. आमच्याकडे काही माणसांच्या पत्रिकेत असा योग असतो म्हणतात.

पहिल्याच रविवारी मी तिला फिरायला काढली. दहा मैलांत तापमानाचा काटा लाल रेषेवर आणि बॉनेटमधून वाफ. चूक माझीच. घाईघाईत कूलंट भरलं होतं, आत राहिलेली हवा काढलीच नव्हती. या इंजिनात पाण्याचा पंप बराच उंचावर आहे. पाणी थोडं जरी कमी झालं, तरी कोरडा पडणारा पहिला तोच. पंप हवा पकडतो, पाणी फिरायचं थांबतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. माझंही गेलं.

मग मी ठरवलं, हे इंजिनच काढून टाकायचं आणि साडेतीन लिटरचं रोव्हरचं व्ही-८ बसवायचं. अनेक जण तेच करतात. कारखान्यानेही टीआर ८ नावाने तशा थोड्या गाड्या काढल्या होत्या. टोनी पाँडने १९७८ साली व्ही-८ बसवलेली टीआर ७ घेऊन बेल्जियममधली ईप्र रॅली जिंकली होती, हा दाखला माझ्या तोंडावर तयारच होता.

तो मी शेजारच्या निवृत्त गृहस्थांना ऐकवला. हे गृहस्थ तरुणपणी कॅन्लीच्या लाइनवर होते, याच गाड्यांचे दरवाजे बसवायला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे इंजिन तू अजून चालवून पाहिलं नाहीस. फक्त तापवून पाहिलंयस."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःचे पाने घेऊन हजर झाले.

या इंजिनाचं हेड काढणं म्हणजे काय, ते श्रोत्यांना सांगितलंच पाहिजे. हेड आवळलेलं असतं काही बोल्टनी आणि काही स्टडनी. स्टड बोल्टच्या तुलनेत तिरके, त्यामुळे ते बाहेर आल्याशिवाय हेड उचलता येत नाही. स्टड पोलादी, हेड ॲल्युमिनियमचं. आधीच्या कुणी वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी घातलं असेल, तर दोन्ही धातू एकमेकांना असे धरून बसतात की सोडता सोडत नाहीत. आम्ही रोज रात्री चार थेंब तेल सोडायचो. संध्याकाळी स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून खालच्याला पाना लावायचा, थोडं उलटं, थोडं सुलटं. मला वाटायचं, घालावा घाव आणि मोकळं व्हावं. ते माझा हात धरायचे. शेवटचा स्टड निघायला एकोणीस दिवस लागले.

पुढचं काम सोपं. हेड फेसिंग करून आणलं, गॅस्केट नवं घातलं. ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर, विजेचा पंखा, अँटिफ्रीझ निम्मं नि पाणी निम्मं, आणि पातळी घटली की दिवा लावणारा सेन्सर. सी.बी. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. दरवाजांच्या पोकळीत मेण फवारलं, गंजाला आळा. कूलंट भरताना गाडीचं नाक उंच करून ठेवलं. शिकलो म्हणायचं. व्ही-८ चे पैसे वाचले ते बायकोने कुठे वळवले, हे मी इथे सांगत नाही.

तिथे चाळीस वर्षांवरच्या गाडीत फार मोठा बदल केला नसेल, तर वार्षिक तपासणी सक्तीची नाही. तरी मी नेली. पास झाली.

त्या संध्याकाळी शेजाऱ्यांना शेजारच्या सीटवर बसवलं. आयुष्यात अशी एकही गाडी त्यांनी स्वतः घेतली नव्हती. का, ते विचारायचं धाडस मला झालं नव्हतं. आपणच म्हणाले, "पबमध्ये लोक हसायचे. मी कुठे काम करतो ते सांगायचं मी सोडून दिलं होतं." बसताना त्यांनी दाराच्या फटीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. वाटेत रस्त्याकडे पाहिलं नाही, काट्याकडेच डोळे. चढावर, सिग्नलला, कुठेही काटा मध्यावरून हलला नाही.

अंधारलं म्हणून दिव्याचं बटन दाबलं. या गाडीचे दिवे पापणीसारखे वर उघडतात. उजवा उघडला, डावा झोपलेलाच. मी गाडी बाजूला घेतली. ते उतरले, बॉनेट वर केलं आणि मोटरची गुंडी हाताने फिरवून दिवा वर काढला.

"नेहमी डावाच," ते म्हणाले, आणि हात पुसत परत येऊन बसले.