जठरामागचा कारभारी

पानात गरम भात, त्यावर वरण आणि तुपाची धार. हा घास पचवायचा कुणी? जठराच्या मागे साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा एक अवयव आडवा पहुडलेला असतो. तो म्हणजे स्वादुपिंड. त्याच्याकडे दोन खाती आहेत.

पहिलं पचनाचं. स्वादुपिंड रोज लिटर-दीड लिटर पाचकरस लहान आतड्यात सोडतं. त्यातलं अमायलेज भातातला स्टार्च फोडतं, ट्रिप्सिन वरणातली प्रथिनं, तर लायपेज तुपाचा समाचार घेतं. गंमत म्हणजे ट्रिप्सिन आतड्यात पोचेपर्यंत निद्रिस्त असतं, नाहीतर ते स्वादुपिंडालाच पचवायला निघेल!

दुसरं खातं साखरेचं. १८६९ मध्ये जर्मनीत पॉल लँगरहान्स या तरुण विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींची वेगळी बेटं दिसली. जेवणानंतर रक्तातली साखर वाढली, की ही बेटं इन्सुलिन सोडतात. साखर स्नायूंत शिरते, यकृतात साठते. उपास लांबला, की याच बेटांतून येणारं ग्लुकॅगॉन यकृताला तो साठा मोकळा करायला लावतं.

इन्सुलिन बनेनासं झालं किंवा शरीर त्याला दाद देईना, की मधुमेह जडतो. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी इन्सुलिन वेगळं काढण्यात यश मिळवलं आणि जानेवारी १९२२ मध्ये ते १४ वर्षांच्या एका मधुमेही मुलाला टोचलं गेलं. तोवर अशा मुलांपुढे उपासमारीच्या पथ्याखेरीज फारसं काही नव्हतं.

सारखी तहान, वारंवार लघवी, विनाकारण घटणारं वजन... अशी लक्षणं दिसली तर अंगावर काढू नका, रक्त तपासून घ्या.