डाव्या बरगडीखालची पानथरी

शिरपूर, साक्रीकडच्या पाड्यांवर सिकलसेल हा शब्द आता नवा नाही. आशाताई तपासणीला येतात, बोटाला सुई टोचतात. पण सिकलसेलच्या लेकराला नुसता ताप आला तरी लगेच दवाखान्यात का न्यायचं, असं गटाच्या बैठकीत विचारलं की सगळ्या गप्प. म्हणून आज आम्ही पानथरीविषयी बोलतो. पुस्तकात तिला प्लीहा म्हणतात.

पोटात डावीकडे, बरगड्यांच्या आड, मुठीएवढी ही पानथरी. मोठ्या माणसात वजन साधारण 150 ग्रॅम. आत दोन प्रकारचा गर. लाल गर म्हणजे बारीक चाळणीच. रक्तातल्या तांबड्या पेशींना तिथल्या फटींतून अंग चोरून जावं लागतं. लवचीक पेशी निसटते, म्हातारी अडकते, आणि तिथल्या भक्षक पेशी तिला खाऊन टाकतात. बारीक रक्तवाहिन्यांभोवती पांढरा गर असतो. तिथे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पहाऱ्याला बसलेल्या. रक्त इथून हळूहळू जातं, त्यामुळे जंतू ओळखायला सवड मिळते. न्यूमोनियाचा न्यूमोकोकस अंगावर निसरडं आवरण घेऊन येतो. अशांना पकडण्यात पानथरीचा हात धरणारं दुसरं कोणी नाही.

सिकलसेलमध्ये तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी नि ताठ होते. ती फटीत अडकते, मागच्यांची वाट अडते. वर्षानुवर्षं असं होऊन पानथरी आतून निकामी होते. आपल्याकडच्या मुलांत ती बरेचदा उशिरापर्यंत मोठी लागते, पण मोठी आहे म्हणजे काम करते असं नाही. पहारा सुटलेला असतो, आणि जंतू काही तासांत रक्तभर पसरतात. तापाची भीती ती हीच.

दुसरा धोका वेगळा. कधी रक्त पानथरीतच एकदम साठतं. डावीकडे पोट फुगतं, मूल पांढरंफटक, मलूल. तेव्हा अंगारा नको, सकाळच्या एसटीची वाट नको, 108 ला फोन. पोट कसं चाचपायचं ते नर्सताईंकडून आधीच शिकून घ्या. न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात फुकट आहे: 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिने. एकही चुकवू नका.

आमच्या गटांत ठरलंय, अशा लेकराच्या गाडीभाड्याला बैठकीची वाट पाहायची नाही. पैसे आधी, सही नंतर.