पहिले पिस्तूल निवडताना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने प्रस्तुत विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा काही मंडळींना हसू आले असेल. ज्याचे आयुष्य फळ्यापुढे अंकगणित आणि भूमिती शिकवण्यात गेले, त्या शाळामास्तराने पिस्तुलाविषयी काय बोलावे? परंतु शाळेच्या नोकरीत पुष्कळ वर्षे आम्ही मुलामुलींना नेमबाजीच्या मैदानावर नेत-आणत होतो, आणि तेथील बाकावर बसून बसून जे कानांवर व डोळ्यांवर आले त्याची शिदोरी आमच्यापाशी आहे. 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिने पिस्तूल नेमबाजीत दोन कांस्यपदके मिळवली. तेव्हापासून ज्ञातीतील निदान सात-आठ घरांतून आम्हांस एकच प्रश्न आला आहे : "गुरुजी, पोरीला पिस्तूल शिकायचे आहे, कोणते घेऊ? सगळ्याला उपयोगी पडेल असे एकच सांगा."

या "सगळ्याला उपयोगी" शब्दांतच खरी अडचण आहे. पालकांच्या मनात बहुधा तीन गोष्टी एकत्र नांदत असतात. मुलीने स्पर्धेत उतरावे, प्रसंग पडल्यास घराचे रक्षण व्हावे, आणि दसऱ्याला पूजेत मांडायला एखादे शोभिवंत शस्त्र असावे. पूजेचे सोडून द्या, तिथे वडिलोपार्जित तलवार आहेच, आणि ती नसेल तर विळी-कोयताही चालतो. उरलेल्या दोहोंचा मेळ बसत नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

घररक्षणासाठी म्हणून जे हत्यार लोक घेतात ते बहुधा .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 साली "निर्भीक" नावाचे असे एक रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून काढले. वजन केवळ 500 ग्रॅम. हलके आहे म्हणून नवशिक्याला सोपे, असा समज होतो, तो उलटा आहे. हत्यार जितके हलके तितका त्याच काडतुसाचा धक्का हाताला अधिक. नळी आखूड असल्याने माशी आणि खाच यांतील अंतरही थोडे. शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो, आणि 21 वर्षे पुरी झाल्यावाचून तो मिळत नाही. नेमबाजीच्या सरावासाठी देखरेखीखालची सवलत आहे, ती वेगळी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी रिव्हॉल्व्हर पाहणे म्हणजे पाळण्यातल्या बाळासाठी लग्नाचा शालू घेण्यासारखे आहे.

मग पहिले पिस्तूल कोणते? आमचे उत्तर : 10 मीटरवरचे हवेचे पिस्तूल. 4.5 मिलिमीटर बोअरच्या आणि 20 ज्यूलपेक्षा अधिक शक्ती नसलेल्या हवेच्या शस्त्रास परवाना लागत नाही. विक्रेत्याला ओळखपत्र दाखवावे लागते, इतकेच. छर्रे स्वस्त. दहा मीटर जागा शाळेच्या सभागृहातही मिळते. आणि मुख्य म्हणजे त्यात धक्का जवळजवळ नाही, त्यामुळे चुकलेला नेम हा हत्याराचा दोष की हाताचा, हे लपत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2013 साली चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत आणि 2018 साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते 25 मीटरवर, .22 बोअरच्या पिस्तुलाने. पण त्या .22 कडे जायची वाटही हवेच्या पिस्तुलावरूनच सुखाने जाते. एका हाताने उभे राहणे, माशीवर नजर ठेवणे, चाप दाबणे, हे दोन्हीकडे तेच.

आता थोडे गणित. संवय जात नाही, क्षमा असावी. 10 मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. समजा, नेमबाजाचा सबंध हात सरळ बाजूला 1 मिलिमीटर हलला. छर्राही 1 मिलिमीटरच बाजूला लागेल, दहा गुण कायम. पण हात न हलता मनगट किंचित वळले आणि माशी खाचेच्या मानाने 1 मिलिमीटर सरकली तर? माशी-खाचेत 32 सेंटिमीटर अंतर धरा. समरूप त्रिकोणांच्या नियमाने छर्रा 31 मिलिमीटर दूर जातो आणि दहाचा नेम सातावर येतो. हात थरथरतो म्हणून मुले रडकुंडीला येतात. खरा घात थरथरण्याने नव्हे, तर चाप ओढताना वळलेल्या मनगटाने होतो. म्हणून पहिल्या पिस्तुलात दोनच गोष्टी बारकाईने पाहाव्यात : मूठ आणि चाप. नळीवरची नक्षी, रंग, कोणत्या विजेत्याने कोणते वापरले, या गोष्टी दुकानदारांसाठी आहेत.

मुठीची गोष्ट अंमळ सविस्तर सांगतो. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ उजवी किंवा डावी, आणि लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. तळहाताखालची पट्टी वरखाली करता येते. हात मुठीत बसला की तर्जनीचे पहिले पेर चापावर यावे आणि बोट मुठीच्या लाकडाला घासू नये. बोट घासले की दाबताना मूठही ढकलली जाते, आणि वर सांगितलेला मिलिमीटर तेथेच जातो. आमच्या पाहण्यातली एक डावखुरी विद्यार्थिनी होती. वडिलांनी हौसेने, मुलीला न नेता, मोठ्या मापाची उजवी मूठ असलेले महागडे पिस्तूल आणले. पोर सहा महिने उजव्या हाताने झगडली, आणि "माझ्यात गुणच नाही" असे म्हणू लागली. प्रशिक्षकांनी मैदानावरचे एक जुने, डाव्या मुठीचे पिस्तूल तिच्या हाती दिले, आणि आठवड्याभरात छर्रे काळ्या वर्तुळात जमू लागले. वडिलांचे पिस्तूल पुढे घरी पेटीतच राहिले. नवी मूठ मागवली असती तरी भागले असते, पण माणसाचा मानी स्वभाव.

चापाविषयी नियमच आहे : 10 मीटरच्या पिस्तुलाचा चाप किमान 500 ग्रॅमचा भार पेलून धरणारा हवा. स्पर्धेत तपासनीस चापाला वजन अडकवून पिस्तूल उचलतात. आपल्यालाही हे घरी करता येते. किराणा दुकानातले अर्ध्या किलोचे वजन सुतळीने चापाला टांगावे, पिस्तूल अर्थातच रिकामे, आणि हळूच उचलावे. चाप सुटला नाही पाहिजे. वजन थोडे वाढवले की सुटावा, आणि दर वेळी तेवढ्याच वजनाला सुटावा. स्प्रिंगच्या स्वस्त पिस्तुलांत येथेच घोटाळा असतो. चाप जड व खरखरीत, आणि छर्रा नळीत असतानाच आतला दट्ट्या धडकून पिस्तूल हलते. खेळणे म्हणून ठीक, पण त्यावर बसलेली वाईट खोड काढायला पुढे वर्ष जाते.

वजनाचेही तसेच. स्पर्धेत दीड किलोपर्यंत वजनास मुभा आहे, प्रत्यक्षात चांगली पिस्तुले एक किलोच्या आतबाहेर असतात. 75 मिनिटांत 60 नेम, 2018 पासून मुलींनाही तितकेच. हात साठापेक्षा कितीतरी अधिक वेळा उचलावा लागतो, कारण न जमलेला नेम खाली आणणे हाही शिक्षणाचा भाग आहे. लहान मुलांसाठी आखूड नळीची हलकी पिस्तुले मिळतात, त्यांचा विचार अवश्य करावा.

किंमत? ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंड व इटली येथील नामांकित पिस्तूल नवे घ्यावयाचे तर लाखाची गोष्ट आहे. म्हणून पहिले पाच-सहा महिने काहीच विकत घेऊ नये, मैदानावरचे भाड्याचे पिस्तूल वापरावे. मुंबईत वरळीस, पुण्यात बालेवाडीस, कोल्हापुरात सोय आहे. पुढे जुने घेतले तरी चालते, मात्र हवेच्या नळकांड्यावर कोरलेली तारीख वाचावी. त्यात 200 बार दाबाची हवा असते, आणि त्याचे आयुष्य सामान्यतः 10 वर्षे धरतात. मुदत सरलेले नळकांडे फुकट मिळाले तरी घेऊ नये. आणि दुरुस्ती कोठे होते ते आधी विचारावे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये 2021 साली याच मनू भाकरचे पिस्तूल ऐन फेरीत बिघडले, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तिच्यासारखीला जर हे घडते, तर तालुक्याच्या गावी बसलेल्या आपल्या मुलांचे काय?

हवेचे पिस्तूल म्हणजे निरुपद्रवी असे कोणी समजू नये, छर्ऱ्याने डोळा जातो. पिस्तूल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली वडीलधाऱ्यांपाशी. "रिकामे आहे" असे आजोबांनी सांगितले तरी नळी माणसाकडे वळवायची नाही. छर्रे शिशाचे असतात, सराव संपल्यावर हात साबणाने धुतल्यावाचून खाऊला हात लावू देऊ नये.

"मुलीच्या हाती पिस्तूल कशाला?" असे आजही विचारणाऱ्यांना आम्ही वाद घालून उत्तर देत नाही, राही सरनोबतांचे नाव सांगतो. दुसरे एक नाव सांगण्याजोगे आहे. 1951 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले वकील. आपली मुले ज्या स्पर्धेतून राष्ट्रीय पातळीकडे जातात तिला त्यांचेच नाव आहे.

आता सभेपुढील सूचनेविषयी. शिष्यवृत्ती निधीतून पिस्तुलासाठी घरोघर बिनव्याजी कर्ज द्यावे, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. आमचा त्यास नम्र विरोध आहे. त्याच रकमेत मंडळाने दोन चांगली पिस्तुले घ्यावीत, एक उजव्या व एक डाव्या हाताचे, लहान-मध्यम मुठींसह, आणि ती मैदानावर प्रशिक्षकांच्या कुलपात ठेवावीत. पाच-सहा मुले आळीपाळीने वापरतील. ज्याचा हात दोन वर्षे टिकेल त्याच्या पालकांनी मग स्वतःचे पिस्तूल पाहावे, आणि .22 चा व परवान्याचा विचार त्यानंतर.

चहापानानंतर मागच्या खोलीत आम्ही कागद व पेन्सिल घेऊन बसणार आहोत. ज्यांची मुले आली आहेत त्यांनी त्यांना तेथे पाठवावे. प्रत्येकाच्या हाताचा आकार कागदावर उतरवून घेऊ, कोणता हात चालतो तेही लिहू, म्हणजे मुठींची मापे मागवताना अंदाज करावा लागणार नाही.